दूरध्वनीवरचे तोतये

पानिपतच्या रणात सदाशिवरावभाऊ पडले आणि काही वर्षांतच भाऊंचे नाव सांगणारा एक इसम उपटला. थोरल्या माधवरावांच्या अमदानीत त्याची चौकशी झाली, तो तोतया ठरला, कैदेत पडला. तरीही १७७६ साली तो कोकणात मोकळा सुटून बंड उभारून बसला, तेव्हा त्याच्या निशाणाखाली जमणाऱ्यांचा तोटा पडला नाही. त्याच वर्षी पुण्यात त्यास देहान्त शासन झाले. शहाणीसुरती माणसे एका ठरलेल्या तोतयाच्या मागे का लागली, याचे उत्तर फार खोल नाही. भाऊसाहेब परत यावेत अशी लोकांची मनापासून इच्छा होती. तोतया मागाहून आला. त्याची गादी लोकांनी आधीच घालून ठेवली होती.

हल्लीचे तोतये घोड्यावरून येत नाहीत, दूरध्वनीवरून येतात. ते कोणा पराक्रमी सरदाराचे नाव सांगत नाहीत. 'प्राप्तिकर खात्यातून बोलतो आहे', 'जीएसटी कार्यालयातून बोलतो आहे', 'आपल्या पॅन क्रमांकावर मोठी बाकी निघते आहे, तासाभरात भरली नाही तर वॉरंट निघेल' असे सांगतात. जुन्या तोतयाची गादी आशेने घातली होती, या नव्या तोतयाची भीतीने घातली आहे. आणि ती घालण्यात फसविणाऱ्याइतकाच आम्हा प्रतिष्ठित, कायदाभीरू, अब्रूदार मंडळींचाही हात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ते पुष्कळांस रुचणार नाही.

प्रथम आमचाच दोष सांगतो. निपाणीकडील एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले ते पैसे गेल्यावर नवव्या दिवशी. उभ्या आयुष्यात कोणाचा एक रुपया न बुडविलेले गृहस्थ. त्यांस सकाळी दूरध्वनी आला. बोलणाऱ्यास त्यांचे पूर्ण नाव, पॅन क्रमांक, निवृत्तिवेतनाची बँक इतके सारे ठाऊक होते. 'तुमच्या विवरणपत्रात तफावत आहे, प्रकरण गोपनीय आहे, घरात कोणास सांगितल्यास तेही सहआरोपी होतील,' अशी ताकीद मिळाली. 'पडताळणीसाठी' ठेव मोडून रक्कम एका खात्यात भरावयास सांगण्यात आले, पडताळणी होताच परत मिळेल या बोलीवर. गुरुजींनी दोन दिवसांत चार लाख साठ हजार रुपये भरले. आमच्यासमोर बसल्यावर त्यांचे पहिले वाक्य पैशाविषयी नव्हते. ते म्हणाले, "वकीलसाहेब, ही गोष्ट देवळातल्या मंडळींस कळता कामा नये. माझ्या हाताखाली शिकलेली माणसे पंच आहेत तिथे."

आम्ही त्यांस तक्रार करण्याचा सल्ला दिला, पण तो कसा? पक्षकाराची लाज पाहून अर्ध्या आवाजात. ते 'विचार करून सांगतो' म्हणाले, आणि आम्हीही 'बरे' म्हणून विषय मिटविला. पक्षकाराचे गुपित राखणे हा आमच्या धंद्याचा धर्म आहे हे खरे. परंतु नाव न घेता चार माणसांना सावध करण्यास कोणत्याही धर्माने आम्हांस मना केले नव्हते. महिना उलटला नाही तोच त्याच पेठेतील, त्याच देवळाच्या पालखीस खांदा देणारे एक किराणा दुकानदार त्याच वाक्यांना, त्याच क्रमाने फसले. गुरुजी एकदा सभामंडपात बोलले असते, किंवा आम्ही बोललो असतो, तर त्या दुकानदाराचे दीड लाख वाचले असते. हे ओझे आमच्या मनावरून अद्याप उतरलेले नाही.

या गोष्टी कानावर आल्या की काही शहाणे लगेच मल्लीनाथी करतात : 'फसणारा लोभी असतो.' लॉटरी, दामदुप्पट, घरबसल्या कमाई यांत लोभ असेल. तिथे आम्ही वाद घालणार नाही. पण 'तुमच्याकडे सरकारचा कर निघतो' हे ऐकून जो पैसे भरावयास धावतो, त्यास लोभी कोणत्या शास्त्राने म्हणावयाचे? खरा करबुडव्या असा दूरध्वनी आला की हसून खाली ठेवतो. त्याला खात्याच्या वाटा ठाऊक असतात. फसतो तो नियमाने कर भरणारा, पावत्या जपणारा. या धंद्याचे भांडवल माणसाचा प्रामाणिकपणा हेच आहे. आणि आपण मात्र फसलेल्यासच पिंजऱ्यात उभे करतो.

ही भीती आली कोठून? निपाणीच्या जुन्या तंबाखू व्यापाऱ्यांस विचारा. १९४३ साली तंबाखूच्या पानावर केंद्रीय अबकारी कर बसला आणि पानावरचा तो कर १९७९ मध्ये उठला. मधली छत्तीस वर्षे वखारीतील प्रत्येक बोदाचा हिशेब सरकारी वहीत, प्रत्येक हालचालीस परवाना. एक्साइजचा इन्स्पेक्टर रस्त्याच्या तोंडाशी दिसला की वखारीतले बोलणे थांबत असे, हे आम्ही आमच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. तो अंमलदार भला की बुरा हा प्रश्न निराळा. 'साहेबाशी वाद घालू नये, काय ते देऊन मिटवावे' हा संस्कार मात्र पेढीवरून पेढीवर चालत आला. तंबाखूवरचा कर गेला, हा संस्कार तेवढा शिल्लक राहिला.

त्यात आमच्या सीमाभागाची एक अडचण आहे. येथे सीमाप्रश्नाची चर्चा करावयाची नाही. व्यवहार तेवढा सांगतो. आमच्या खेड्यातल्या मराठी शेतकऱ्याकडे येणारा कागद कन्नडमध्ये असतो किंवा इंग्रजीत. तो त्यास वाचता येत नाही, दुसऱ्याकडून वाचवून घ्यावा लागतो, आणि वाचणारा म्हणेल ते खरे मानावे लागते. म्हणजे सरकारी हुकूम दुसऱ्याच्या तोंडून ऐकण्याची सवय त्यास आधीपासूनच आहे. मग दिल्लीचे नाव सांगून हिंदीत कोणी दरडावले, तर हा हुकूम खरा की खोटा, हे त्याने कशावर तोलावे? कर व पोलीस यांविषयीची सूचना प्रत्येकास त्याच्या भाषेत मिळावी, ही मागणी आता भाषाभिमानापुरती राहिलेली नाही. चोरापासून रक्षणाची ती बाब झाली आहे.

सरकारनेही या भीतीला खतपाणी घालण्यात कसर केलेली नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या व्यापारी कर खात्याने यूपीआयवरील उलाढालीचे आकडे पाहून हजारो छोट्या दुकानदारांस नोटिसा धाडल्या. मालाच्या विक्रीस ४० लाख आणि सेवांस २० लाख ही वार्षिक उलाढालीची नोंदणी-मर्यादा कायद्यात होतीच; पण करमुक्त भाजीपाला विकणाऱ्यांच्या हातीही लाखांच्या मागणीचे कागद पडले. दुकानांवर 'यूपीआय नाही, रोख द्या' असे फलक लागले. बंदची हाक आली, तेव्हा मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांनी व्यापाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलून मागील थकबाकीसाठी पाठपुरावा न करण्याचे आश्वासन दिले. त्या नोटिसा खऱ्या होत्या, खात्याच्याच होत्या. परंतु खरा अधिकारी आधी धमकावून मागाहून समजूत घालू लागला, की खोट्या अधिकाऱ्याचे काम निम्मे होऊन जाते. भाजीवाल्या मावशीने त्या दोघांतला फरक ओळखावा अशी अपेक्षा धरणारे आपण कोण?

आता या विद्येची शाळा कोठे भरली ते पाहू. ती परमुलखात भरली असे मानून समाधान करून घेण्याची सोय नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील इमारतींवर रात्री छापे घातले. आत शेकडो तरुण-तरुणी कानाला यंत्रे लावून बसलेली. ती अमेरिकेतील लोकांस दूरध्वनी करून 'आम्ही अमेरिकेच्या कर खात्यातून बोलतो आहो, तुमच्याकडे बाकी आहे, पोलीस निघाले आहेत' असे सांगत. प्रत्येकास अमेरिकन नाव दिलेले, उच्चार घटवून घेतलेले, समोरचा घाबरला तर काय बोलावे आणि शंका घेऊ लागला तर काय बोलावे याची छापील संहिता हाती दिलेली. बळी पडलेल्या माणसास दुकानात जाऊन भेटकार्डे विकत घ्यावयास लावीत आणि त्यांवरील क्रमांक वाचून घेत. सरकारचा कर भेटकार्डाने! पण घाबरलेल्या माणसास त्यातला हास्यास्पदपणा दिसत नाही. सातशेहून अधिक जणांची चौकशी झाली, सुमारे सत्तर जणांस प्रथम अटक झाली, आणि परदेशी निसटलेला म्होरक्या एप्रिल २०१७ मध्ये मुंबईच्या विमानतळावर हाती लागला. तिकडे अमेरिकेत याच तऱ्हेच्या, अहमदाबादच्या केंद्रांशी निगडित खटल्यात जुलै २०१८ मध्ये एकवीस जणांस शिक्षा झाल्या. काहींस वीस वर्षांपर्यंत. फसलेल्यांत वृद्ध होते, आणि बाहेरून येऊन तेथे स्थायिक झालेले लोक होते. ज्या घरांतून आमची मुले-सुना तिकडे राहतात त्यांनी हे वाचून ठेवावे.

मीरा रोडला बसलेली ती पोरे कोणी दरोडेखोरांची अवलाद नव्हती. इंग्रजी बरे येते, नोकरी मिळत नाही, महिना दहा-पंधरा हजार मिळतात, रात्रपाळी आहे : घरात एवढेच ठाऊक. आईबापांनी 'काय काम करतोस' असे एकदा खोदून विचारले असते तर? हा प्रश्न आता आमच्या उंबऱ्याशी आला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेळगाव शहर पोलिसांनी आझमनगर भागात असाच अड्डा उघडकीस आणला. अमेरिकन नागरिकांस फसविल्याच्या आरोपावरून ३३ जणांस अटक झाली. याहून सोपे पाप म्हणजे आपले बँक खाते चार-पाच हजारांसाठी दुसऱ्यास 'वापरावयास' देणे. लुटीचा पैसा आधी अशाच भाडोत्री खात्यात उतरतो आणि पोलीसही आधी त्याच खातेदाराच्या दारी येतात. ज्या मुलाने खाते भाड्याने दिले तो आरोपी होतो. ज्याने घेतले त्याचे खरे नावही त्यास ठाऊक नसते.

तेव्हा खरा कर अंमलदार वागतो कसा, हे एकदा नीट समजून घ्यावे. कायदा १९६१ चा असो वा २०२५ चा, प्राप्तिकराची मागणी लेखी येते. कागदावर कायद्याचे कलम, वर्ष, रक्कम आणि भरावयाची मुदत असते. ती साधारणतः तीस दिवसांची असते, तीस मिनिटांची नव्हे. मागणी अमान्य असेल तर अपिलाची वाट असते. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या नोटिसा-आदेशांवर संगणकाने निघालेला दस्त-क्रमांक घालण्याचा दंडक आहे, आणि खात्याच्या संकेतस्थळावर तो क्रमांक घालून कागद अस्सल की बनावट हे कोणासही लॉगिन न करता पाहता येते. जीएसटी पाहणाऱ्या केंद्रीय मंडळानेही तशीच सोय केली आहे. खात्याकडून संदेश कधी येतच नाहीत असे आम्ही म्हणणार नाही, येतात. पण खरा संदेश तुम्हांस तुमच्या खात्यात स्वतः जाऊन पाहावयास सांगतो. तो पिन, ओटीपी वा कार्डाचा क्रमांक मागत नाही, परतावा देण्यासाठी दुवा दाबावयास लावीत नाही, आणि सरकारचा कर कोणा सोम्यागोम्याच्या बचत खात्यात भरावयास सांगत नाही. धाड पडली तरी अधिकारी सदेह येतात, अधिकारपत्र दाखवितात, त्याच वस्तीतील दोन प्रतिष्ठित पंचांसमक्ष झडती घेतात. खरी झडती पंचांसमक्ष होते, आणि हा तोतया मात्र 'कोणास सांगू नका' म्हणतो. ओळखावयास याहून मोठी खूण नको.

'पण त्यास माझा पॅन ठाऊक होता!' असे गुरुजी आम्हांस तीनदा म्हणाले. आपण पॅन आणि आधार यांच्या नकला कोठे कोठे देतो ते आठवावे : सराफाकडे, हॉटेलात, मोबाइलचे सिम घेताना, कर्जाच्या दलालाकडे, झेरॉक्सच्या दुकानात. पॅन ठाऊक असणे ही अधिकाराची खूण असेल तर अर्धे बेळगाव प्राप्तिकर अधिकारी ठरेल.

राहिली अटकेची गोष्ट. कर थकला म्हणून अटक कधी होतच नाही, असे खोटे सांत्वन आम्ही वकील म्हणून करणार नाही. १९६१ च्या कायद्याने वसुली अधिकाऱ्यास तो अधिकार दिला होता. पण आधी लेखी नोटीस, मग हजर राहून कारण दाखविण्याची संधी, आणि त्यानंतरच. दूरध्वनीवरून, दृश्य-संभाषणातून, खोलीचे दार लावून घ्यावयास सांगून करावयाची 'डिजिटल अटक' नावाची वस्तू भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. अटक केलेल्या माणसास चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे करावे असे राज्यघटनेचा २२ वा अनुच्छेद सांगतो. पोलिसांनी हजर राहण्याची नोटीससुद्धा व्हॉट्सॲपवरून बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. मग व्हॉट्सॲपवरून आलेले वॉरंट ते काय?

हे ज्ञान वेळेवर न पोचल्याची किंमत आमच्या जिल्ह्याने मोजली आहे. मार्च २०२५ मध्ये खानापूर तालुक्यातील एका वृद्ध दाम्पत्यास दिल्लीच्या पोलीस अधिकाऱ्यांच्या तोतयांनी असेच धमकावले, लाखो रुपये उकळले, आणखी मागत राहिले. अखेर त्या दोघांनी आपले जीवन संपविले. त्याहून अधिक तपशील लिहावयास आमची लेखणी धजत नाही. एवढेच विचारतो : त्या दिवसांत त्यांच्या दारावर थाप मारून 'काय चालले आहे?' असे विचारणारे कोणी असते तर? याच्या आधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील आपल्या भाषणात या फसवणुकीविषयी देशास सावध केले होते, आणि त्यासाठी ऐकविलेले संभाषण आमच्या शेजारच्या विजापूरच्या एका तरुणाचे होते. त्याने तोतया पोलिसाशी बोलता बोलता सारे संभाषण टिपून ठेवले. शेजारच्या दोन जिल्ह्यांतल्या या दोन गोष्टी. तो तरुण आणि ते दाम्पत्य यांच्यात अकलेचा फरक नव्हता. त्याच्या कानी ही युक्ती आधी पडली होती किंवा त्याचा धीर शाबूत राहिला. त्यांच्या वाट्याला दोन्ही आले नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या 'डिजिटल अटकां'चा तपास सीबीआयकडे सोपविला. उशिरा का होईना, योग्य झाले.

आता तक्रारीचे. पैसे गेले असे ध्यानात येताच १९३० या क्रमांकावर दूरध्वनी करावा. घरच्यांशी भांडण, ज्योतिषी, नातलगांचा सल्ला हे सारे त्यानंतर. आपला खाते क्रमांक, रक्कम, वेळ, व्यवहाराचा क्रमांक आणि पैसे ज्या खात्यात गेले त्याची माहिती जवळ ठेवावी. ही यंत्रणा बँकांस जोडलेली असून पैसा पहिल्या-दुसऱ्या खात्यात असेतो तेथेच अडवून धरता येतो. तो तासातासाने पुढे सरकत असतो, म्हणून गुरुजींचे नऊ दिवस आम्हांस अद्याप बोचतात. राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. पैसे गेले नसतील, नुसता संशयित दूरध्वनी आला असेल, तरी 'संचार साथी'वरील 'चक्षू' या सोयीत तो क्रमांक कळवावा. तुम्ही वाचलात, पुढच्याचे काय? बँकेस त्याच घटकेस लेखी कळवावे. ओटीपी सांगितल्यामुळे खात्यातून पैसे गेले असतील तर रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने कळविण्यापूर्वीचा तोटा ग्राहकाचा, कळविल्यानंतरचा बँकेचा ठरविला होता. स्वहस्ते पाठविलेल्या रकमेस हा आधार लावून घेणे कठीण आहे, हेही सांगितले पाहिजे.

आणि ठाण्यावर 'हे आमच्या हद्दीत येत नाही, बेळगावला जा' असे उत्तर मिळाले तर? १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १७३ वे कलम त्यांच्यापुढे ठेवावे. दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता घेणे ठाण्यास बंधनकारक आहे, खबरीची नक्कल फुकट मिळते, आणि नकार मिळाल्यास टपालाने पोलीस अधीक्षकांकडे जाता येते. तिथेही दाद न लागल्यास दंडाधिकारी आहेत. सरकारी अंमलदाराचे सोंग घेणे हा न्याय संहितेच्या २०४ व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे. पोलिसांवर कामाचा भार आहे हे आम्ही जाणतो. परंतु सत्तरीच्या म्हाताऱ्यास निपाणीहून बेळगावला आणि बेळगावहून परत निपाणीस धाडणे हा भार हलका करण्याचा मार्ग नव्हे.

२०२४ या एका वर्षात अशा नाना तऱ्हेच्या सायबर फसवणुकीत देशातील लोकांचे २२,८४५ कोटी रुपये गेल्याचे सरकारने संसदेत सांगितले आहे. हा झाला नोंदविलेला आकडा. आमच्या गुरुजींसारखे जे गप्प बसले त्यांचा हिशेब त्यात नाही.

म्हणून आमचे मागणे देवस्थानच्या पंचांकडे आणि महाजनांकडे आहे. उत्सवाची वर्गणी किती जमली हे आपण फलकावर लिहितो, वर्गणी कोणी बुडविली हेही कधी कधी कुजबुजतो. त्याच फलकावर १९३० हा आकडा मराठीत, कोंकणीत आणि कन्नडमध्ये लिहावयास खर्च किती येतो? आरतीनंतर पाच मिनिटे, 'मला असा दूरध्वनी आला होता' एवढे सांगावयास ज्यास त्यास मोकळीक असावी, आणि सांगणाऱ्याकडे पाहून कोणी हसू नये. अब्रू जाते ती चोराची, हे वाक्य आपल्या सभामंडपात अद्याप कोणी मोठ्याने उच्चारल्याचे आम्हांस आठवत नाही. देवस्थानचे हिशेब पाहणाऱ्यांनी आणखी एक पथ्य पाळावे : देणग्यांच्या करसवलतीचे वा न्यासाच्या नोंदणीचे कारण सांगून कोणी दूरध्वनीवर पैसे मागितले, तर हिशेबनीस आणि दोन विश्वस्त एकत्र बसल्यावाचून एक रुपयाही हलवू नये.

दुकानदाराची हकीगत कानी आल्यावर गुरुजी आपण होऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, "माझे नाव घालून लिहा." नाव आम्ही घातले नाही, ते आमच्या लेखणीचे पथ्य आहे. पण त्यांनी स्वतः गेल्या एकादशीस कीर्तनाआधी उभे राहून सारे सांगितले. आवाज कापत होता. खाली बसले तेव्हा मागच्या रांगेतून आणखी दोघे उठले. त्यांतील एकाचे पैसे त्याच आठवड्यात गेले होते आणि घरी बायकोलाही ठाऊक नव्हते. त्यास तेथूनच १९३० लावून दिला. गुरुजींच्या रकमेपैकी बासष्ट हजार परराज्यातील एका खात्यात अडकून पडले आहेत. ते सोडविण्याच्या अर्जाची तारीख पुढील महिन्यात आहे.